वाचकांचे प्रश्न : सतराव्या मजल्याची गॅलरी

प्रश्न : माझे वय ५४ आहे. मुलाने गेल्या वर्षी ठाण्यात सतराव्या मजल्यावर घर घेतले. तेव्हापासून मी गॅलरीत एकदाही गेलेले नाही. वाळलेले कपडेसुद्धा सूनच काढून आणते. दारापर्यंत गेले तरी पायांतले बळ जाते आणि कठडा मला ओढून घेतो आहे असे वाटते. उंचीची ही भीती तरुणपणापासूनची आहे. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी दृश्ये खरी वाटावीत अशी दाखवणारा मोठ्या चष्म्यासारखा संच, लावून यावर उपचार करतात, असे मुलगा म्हणतो. खोट्या उंचीकडे पाहून खरी भीती कशी जाईल? की हा नुसता खेळ आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हा खेळ नाही. तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. आपण खोलीतल्या सपाट फरशीवर उभे आहोत हे हेडसेट लावलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते, तरीही समोर खोल दरी दिसू लागली की त्याच्या तळहातांना घाम फुटतो, छाती धडधडते आणि नसलेला कठडा शोधत हात हवेत चाचपडू लागतात. ही खरी भीती जागी होणे हेच उपचाराला हवे असते.

तुम्ही गॅलरीच्या दारातून मागे फिरता तेव्हा क्षणात बरे वाटते, आणि ‘मागे फिरले म्हणून वाचले’ अशी मनाची खात्री होते. तीस वर्षे ही खात्री अशीच पोसली गेली की भीतीला पुन्हा बाहेरच्या कारणाची गरज उरत नाही. म्हणून उपचारात माणसाला त्याला सोसवेल अशा उंचीवर थांबायला, खाली पाहायला आणि आपण खरोखर पडतो का हे स्वतःच पडताळायला सांगतात. यात डोळे मिटणे, भिंतीला चिकटणे किंवा कुणाचा हात घट्ट धरणे हळूहळू सोडावे लागते, कारण नाहीतर सारे श्रेय त्या हातालाच जाते. खऱ्या इमारतीत हे करायचे तर गच्चीची परवानगी, प्रवास आणि बघ्यांचा संकोच आडवा येतो. हेडसेटमध्ये तिसरा मजला नको झाला तर लगेच पहिल्यावर उतरता येते.

अमेरिकेतील अटलांटा येथे बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या २० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ जणांना काचेची लिफ्ट, पूल आणि बाल्कन्या अशा आभासी जागांमधून पायरीपायरीने नेण्यात आले. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती अशी की उपचार पूर्ण करणाऱ्या दहांपैकी सात जण, कुणी सांगितलेले नसताना, मधल्या काळात आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले. पुढे २००२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी शहरातले एक व्यापारी संकुल, आगीच्या वेळी वापरायचा बाहेरचा जिना आणि छतावरची बाग हुबेहूब संगणकावर उभी केली. काहींना खऱ्या जागी, तर काहींना आभासी जागी नेले, आणि दोन्ही गटांना सारखाच गुण आला. सहा महिन्यांनंतरही तो टिकून होता.

तुमच्यासारख्या जुन्या भीतीसाठी ऑक्सफर्डचा २०१८ मधला अभ्यास अधिक जवळचा आहे. डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने घेतलेल्या १०० जणांची भीती सरासरी ३० वर्षांची होती. आभासी दहा मजली इमारतीत कठड्याजवळ जायचे, झाडावर अडकलेले मांजर सोडवायचे अशी कामे त्यांच्यातल्या उपचार घेणाऱ्या गटाला पडद्यावरची मार्गदर्शक देत असे. अर्ध्या-अर्ध्या तासाची सहा सत्रे, तीही दोन आठवड्यांत; एवढ्यावर उपचार घेतलेल्या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. मांजर सोडवण्यात गुंतलेला माणूस आपण काठावर आहोत याची सतत मोजदाद करत बसत नाही, हे त्या रचनेमागचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

मात्र आधी एक गोष्ट करा. सपाट जमिनीवर, कुशीवर वळताना किंवा मान वर करताना घर गरगर फिरत असेल, तर तो कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असू शकतो; त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पूर्वी फिट आली असल्यास हेडसेट लावण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा. काहींना हेडसेटने मळमळते. तसे झाल्यास सत्र थांबवता येते. मोबाईलवरचे उंचीचे खेळ पाहून स्वतःच प्रयोग करू नका, कारण घाबरून मध्येच हेडसेट काढला तर पुन्हा मागे फिरल्यासारखेच होते. भीतीच्या विकारांवर काम करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे जा. त्यांच्याकडे व्हीआर नसेल तरी अडत नाही. हाच उपचार खऱ्या जागी फार पूर्वीपासून केला जातो. जवळपास कुणी माहीत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विचारता येते.

सत्रे सुरू झाली की घरचा सरावही आलाच. घरच्यांनी तुम्हाला ओढून गॅलरीत नेऊ नये आणि ‘यात काय घाबरायचे’ असे म्हणू नये. दारात खुर्ची टाकून भीती थोडी निवळेपर्यंत बसा, आणि उद्या तीच खुर्ची वीतभर पुढे सरकवा. सूनबाईंनी हात न धरता नुसते शेजारी उभे राहावे. कठड्यापर्यंत पोचलात की त्या दिवशी दोरीवरचा एकच रुमाल तुम्ही काढून आणा. बाकीचे कपडे त्यांनाच काढू द्या.