साठ हजारांचा एआय कोर्स की शिनोळीचं चलन?

प्रश्न : मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फावल्या वेळात एका कर सल्लागारांकडे टॅलीच्या एंट्र्या करते. तिथले लोक म्हणतात, ही कामं आता एआय करणार. एका क्लासने सहा महिन्यांचा एआय कोर्स सुचवलाय, फी ६०,०००, वर नोकरीची हमी. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, कर्ज काढावं लागेल. काढू का? धाकटा यंदा एसएसएलसीला (दहावीला) बसतोय, त्याचंही सांगा.
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : कर्ज काढू नका. तुमची मुलगी आज ज्या टेबलावर बसते तिथेच तिला हवं ते शिकायला मिळणार आहे, आणि तेही फुकट.

तिला लोकांनी सांगितलं त्यात तथ्य आहे. बिलाच्या फोटोवरून नंबर, तारीख, रक्कम उचलून व्हाउचर पाडणं, बँक स्टेटमेंट थेट टॅलीत ओढणं, ही कामं सॉफ्टवेअर करू लागलंय. नुसत्या एंट्रीवर पगार मिळण्याचे दिवस भरत आले. पण पडलेली एंट्री कायद्यात बसते का, हे पाहणारं माणूस लागतंच.

आपल्याकडचंच घ्या. उद्यमबागेतला कारखानदार ३०,००० रुपयांची कास्टिंग्ज मशीनिंगसाठी शिनोळीला पाठवतो. टेम्पोला अंतर किरकोळ, पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. ई-वे बिल म्हणजे माल गाडीतून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद. चॅटबॉटला विचारलं, ‘३०,००० चा माल पाठवतोय, ई-वे बिल लागेल का?’ तर तो ५०,००० ची मर्यादा सांगून ‘नाही’ म्हणण्याची शक्यता बरीच. जॉबवर्कचा, म्हणजे मजुरीवर काम करायला दिलेला, माल मालकाकडून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे जाताना मात्र रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतंच. यंत्र खोटं बोललं असं नाही. जॉबवर्क आणि राज्याची हद्द या दोन्ही गोष्टी विचारणाऱ्याने प्रश्नात घातल्याच नव्हत्या. गाडी अडली की दंड मालकाच्या माथी.

पुढचं बघा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे. शिनोळीवाल्याचा नंबर २७ ने सुरू होणार, आपला २९ ने. त्याने मजुरीच्या बिलात सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातला कर) लावला असेल तर ते बिल चूक, तिथे आयजीएसटी (दोन राज्यांमधला) हवा. आणि पाठवलेला माल १ वर्षात परत आला नाही तर पाठवल्या तारखेलाच तो विकला असं धरतात, कर व्याजासकट भरावा लागतो. कोणत्या चलनाचे (मालासोबत पाठवलेल्या चिठ्ठीचे) किती नग अजून बाहेर आहेत, हे बिलावर छापलेलं नसतं. चलनांची फाईल आणि गेटचं रजिस्टर समोर ठेवून जुळवावं लागतं, आणि त्यात रिजेक्ट झालेले नग आणि बरादा (धातूचा कीस) यांचा हिशेब हमखास चुकतो. हे तिने आत्ताच हाताने करून बघावं.

दुसरं काम २बी जुळवणीचं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, येतो आणि महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला २० तारखेपर्यंत ३बी हे रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीचं रजिस्टर त्याच्याशी जुळवायचं. जुळलेली बिलं सॉफ्टवेअर बाजूला काढतं, उरलेली तिने तीन ढिगांत लावावीत. पहिला, लिहिण्यातला फरक : त्यांच्याकडे ‘०४५/२५-२६’, आपल्याकडे नुसतं ‘४५’. दुसरा, पुरवठादाराने बिल अजून दाखवलेलंच नाही; त्याला फोन करायचा. तिसरा, आपलं नसलेलंच बिल कुणी चुकून आपल्या नंबरवर टाकलंय. त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) चुकूनही घ्यायचं नाही. शिवाय २बीत दिसलं म्हणजे क्रेडिट मिळालं असं नसतं. मालकाच्या कारवरचा कर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडतो. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं.

पुढचे तीन महिने तिने एवढंच करावं. एक्सेलमध्ये एक्सलुकअप, पिव्होट टेबल आणि पॉवर क्वेरी शिकावं. मग एकाच महिन्याची जुळवणी आधी हाताने, नंतर पॉवर क्वेरीने, शेवटी चॅटबॉटकडून सूत्रं लिहून घेऊन करावी. तिन्ही उत्तरांत फरक पडेल. तो कुठे पडला आणि का, हे वहीत लिहावं : यंत्र काय म्हणालं, बरोबर काय, कोणत्या कलमाने. अशी वीस-पंचवीस प्रकरणं लिहिलेली वही मुलाखतीत पुढे ठेवली की क्लासच्या सर्टिफिकेटची आठवण कुणी काढणार नाही. सर्टिफिकेट हवंच असेल तर स्वयम पोर्टलवर शिकणं फुकट आहे, फी फक्त परीक्षेची.

एक सावधगिरी. अशिलाचा डेटा फुकटच्या चॅटबॉटमध्ये जसाच्या तसा टाकायचा नाही. पार्टीचं नाव काढून ‘अ’, ‘ब’ करावं, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे तेवढे ठेवावेत, दर बदलावेत. त्याआधी सल्लागारांची परवानगी घ्यावी. कुणाचा खरेदीदर बाहेर फुटला तर आहे ती जागाही जाईल.

आणि कन्नड. सीमाप्रश्नावर घरात जे मत असेल ते असो, पण इथे हिशेबाच्या कामात वर चढायचं तर कन्नड वाचता आलं पाहिजे. छापील नोटिशीचं मराठी भाषांतर यंत्र बरं करतं, तरी कलम, रक्कम आणि उत्तराची मुदत या तीन गोष्टी मूळ कागदावर बोट ठेवून तपासाव्या लागतात. हाताने लिहिलेला शेरा असेल तर यंत्राचं बऱ्याचदा अडतं. व्यापारी मराठीत बोलणार, नोटीस कन्नडमध्ये, रिटर्न इंग्रजीत. तिन्ही सांभाळणारी मुलगी बेळगावच्या बाजारात सहज खपते.

एवढं सांगूनही क्लासचा मोह सुटत नसेल तर हमी लेखी मागा : पगार किती, कोणत्या गावात, नोकरी नाही लागली तर फी कधी परत. मागच्या बॅचमधल्या पाच मुलांचे फोन नंबर मागा. टाळाटाळ झाली तर समजून जा.

धाकट्याचं थोडक्यात. एसएसएलसीनंतर बेळगावातल्या जीटीटीसीत (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रात) टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा बघा, त्यात शेवटचं वर्ष कारखान्यात असतं. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) माल लावून बटण दाबणाऱ्याची जागा रोबो घेऊ शकतो. टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देणारा, जॉब चॅटर का मारतोय (थरथरतोय) हे आवाजावरून ओळखून फीड (हत्यार सरकण्याचा वेग) बदलणारा सेटर मात्र लागणारच. अर्ज भरण्याआधी ओळखीच्या मशीन शॉपमध्ये सेटरशेजारी त्याला चार तास बघत उभं राहू द्या. मायक्रोमीटर वाचायचा कंटाळा आला तर ती फी भरू नका.