शिक्षक असणं म्हणजे नेमकं काय? एका शिक्षकाचा मुलांवर खरंच एवढा परिणाम होतो का?

होतो. पण माझ्या अनुभवात तो धड्यांपेक्षा जास्त, एखाद्या मुलाबद्दल आपण मनाशी काय ठरवून बसतो, त्याचा होतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात २२ वर्षं प्राथमिकला शिकवते आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी. शाळा मराठी. घरातून बोलकं निघालेलं लेकरू वर्गात येऊन गप्प होतं आणि आम्ही त्याला 'ढ' समजतो.

तिसरीत अशीच एक मुलगी होती. फळ्यापाशी बोलावलं की मान खाली. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात कच्ची' असा शेरा लिहिला. दिवाळीनंतर ती वारंवार गैरहजर राहायला लागली, म्हणून घरी गेले. दारातच आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि ही शेजारी बसून २५-२५ चे कट्टे बांधत होती. कारखान्यात माल द्यायची वेळ झालेली. आईनं विचारलं, किती झाले? पोरगी एकेका कट्ट्याला बोट लावत गेली : "इरवै ऐदू, याभै, डेब्भै ऐदू, नूरू..." ३४ कट्टे झाले, साडेआठशे. हजाराला दीडशे कमी, म्हणजे अजून सहा कट्टे. एका दमात सांगितलं तिनं. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना पंचवीसचा पाढा येत नव्हता.

लहान मुलांना विडीच्या कामाला बसवू नये, हे मी त्या आईशी बोलले आणि आजही बोलते. पण त्या दिवशी मला माझा शेरा आठवत होता. दुसऱ्या दिवशी मी तिला तेलुगूतच मोजायला सांगितलं आणि बाजूला मराठी आकडे लिहीत गेले. महिनाभरात ती आपणहून हात वर करू लागली.

आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी घ्या. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज हे शिक्षकांसाठीचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरमधला अर्धा वाटा त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना दिला. बातम्या बक्षिसाच्या आणि त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडच्याच जास्त झाल्या. मला मात्र मोठी वाटते ती आधीची गोष्ट : मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे कळल्यावर ते स्वतः ती भाषा शिकले.

तुम्ही परिणामाचं विचारलंत, म्हणून दुसरी बाजूही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चौथीतल्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू मागावरच जाणार." त्याचे वडील मागावरच होते, आणि मी ते शिवीसारखं वापरलं. तो आठवड्याभरानं यायचा बंद झाला. मी उशिरा गेले. घरमालकीण म्हणाली, "बाई, खोली सोडून गेले ते." कुठे गेले, ते तिलाही माहीत नव्हतं. यंत्रमागाच्या गल्लीतून जाताना आत कुणी तरुण दिसला की मी अजून त्याचा चेहरा बघते.