केदार : शंकर की शेत?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : ‘नातवाचं नाव केदार ठेवलं. बारशाला आलेल्या एका गुरुजींनी अर्थ सांगितला ‘पाणी भरलेलं शेत’. आम्ही तर शंकराचं नाव म्हणून ठेवलं होतं. सुनेला वाईट वाटलं. खरा अर्थ कुठला?’

ताई, दोन्ही खरे आहेत. गुरुजींनी सांगितलेला अर्थ आधी समजून घेतला, तर सूनबाईंना वाईट वाटायचं कारण उरणार नाही.

संस्कृतात केदार म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं शेत, आपल्याकडचं भाताचं खाचर. जुलैत गगनबावड्याच्या वाटेला लागलात की चिखलणी झालेली, तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, वाट बघत पाण्यानं काठोकाठ भरलेली जी खाचरं एकाखाली एक उतरत जातात, तो केदार. कोरडवाहू माळाला केदार म्हणत नाहीत. बांध आणि पाणी दोन्ही हवं. बागेतल्या आळ्यालाही हा शब्द वापरलेला आढळतो, तिथंही पाणी धरून ठेवणं हीच कल्पना आहे.

इथं एका मोहापासून सावध करतो. आपल्याकडं उसाला पाणी पाजताना ‘दारं मोडतात’, ‘दारं धरतात’. केदारमधलं ‘दार’ हेच असावं असं कुणालाही वाटेल, मलाही एकेकाळी वाटलं होतं. पण पाटाचं दार ‘द्वार’वरून आलं. जुने पंडित केदारची फोड ‘क’ म्हणजे पाणी आणि ‘दार’ म्हणजे फोडणं, अशी करतात. ‘क’चा दुसरा अर्थ डोकं. तो धरून काहींनी हा शब्द शंकराकडं नेला. ही फोड पंडितांची आहे, तिला इतिहास समजू नये. दुकानदार-हवालदारमधल्या फारसी ‘दार’शी तर केदारचं काहीच नातं नाही.

आता मुख्य मुद्दा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात शेताचे शब्द देताना ‘वप्र, केदार, क्षेत्र’ असे तीन शब्द ओळीनं आले आहेत. यातलं क्षेत्र झिजत झिजत आपलं ‘शेत’ झालं. आणि तेच क्षेत्र न झिजता ‘तीर्थक्षेत्र’ म्हणूनही राहिलं. करवीर क्षेत्र म्हणताना, ‘श्रीक्षेत्र जोतिबा’ अशी पाटी वाचताना आपल्याला नांगरट आठवत नाही, पण शब्द तोच आहे. जिथं पेरलेलं उगवतं ती जागा क्षेत्र, आणि जिथं केलेलं पुण्य फळतं तीही क्षेत्र. शेजारच्या केदारचीही तीच गत आहे. एका अंगानं खाचर, दुसऱ्या अंगानं देवाचं ठिकाण आणि पुढं प्रत्यक्ष देव. शेत हा अर्थ खालचा आणि शंकर हा वरचा, अशी उतरंड मला मान्य नाही.

बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘हिमालये तु केदारम्’ असं येतं. ते मंदाकिनीच्या उगमाजवळचं, उत्तराखंडातलं केदारनाथ. आपला केदार मात्र हाकेच्या अंतरावर, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर आहे. जोतिबालाच केदारनाथ, केदारलिंग म्हणतात. आजचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलं. म्हणून कोल्हापूरच्या घरात केदार नाव ठेवलं, तर ते हिमालयातून आणावं लागत नाही. माघात रविवारी पहाटे खेटे घालायला निघालेल्यांच्या तोंडी ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ असतं, त्याच देवाचं ते दुसरं नाव. मागच्या पिढीत आपल्या गावागावांत जोतिराम असायचे, आता त्याच भक्तीनं केदार ठेवतात असं मला दिसतं.

शब्दाची एक लेक शेजारी नांदते आहे. हिंदीतली ‘क्यारी’ आणि गुजरातीतला ‘क्यारो’ म्हणजे आपला वाफा. हे शब्द केदारच्याच घरचे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळतो : ‘पाद’चा जसा आपला ‘पाय’ झाला, तसं केदारचं ‘केआर’ झालं आणि पुढं क्यारी. केदार नावाचा मुलगा हिंदी शाळेत गेला आणि बाईंनी बागेतली क्यारी दाखवली, तर ती त्याच्या नात्यातली आहे.

नातू गोष्टी ऐकण्याएवढा झाला की त्याला आरुणीची गोष्ट सांगा. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. धौम्य ऋषींनी आरुणीला सांगितलं, शेताचा बांध फुटलाय, जा, बांधून ये. मूळ शब्द आहे ‘केदारखण्ड’. माती टिकेना, पाणी थांबेना, तेव्हा आरुणी स्वतःच त्या खिंडारात आडवा झाला. बराच वेळ झाला तसे गुरू हाका मारत आले. हाक ऐकून तो उठला आणि त्याच्या उठण्यानं बांध पुन्हा फुटला. बांध फोडून वर आलास म्हणून तुझं नाव उद्दालक, असं गुरू म्हणाले. परंपरा यालाच ‘तत्त्वमसि’ सांगणारा उद्दालक आरुणी मानते. आपण शाळेत ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून ऐकतो. मला ती पावसाळ्यात रात्री-अपरात्री टिकाव घेऊन बांधावर धावणाऱ्या माणसाचीही वाटते. बांध गेला तर वर्षाचं भात गेलं, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं.

केदार नावाचा रागही आहे, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागतात आणि षड्जावरून थेट मध्यमावर, म्हणजे ‘सा’वरून ‘म’वर, जाणारी त्याची झेप एकदा ऐकली की विसरत नाही. पाळण्याशी लावायला हरकत नाही.

ताईंनी शेवटी असंही विचारलं आहे की दाखल्यावर ‘केदारनाथ’ लिहावं का, म्हणजे शंकराचा अर्थ पक्का होईल. गरज नाही. नुसत्या ‘केदार’मध्ये देव आहे आणि त्याच्या पायथ्याचं हिरवं खाचरही आहे. ‘नाथ’ जोडलंत तर अर्थ ‘केदारचा धनी’ असा होईल, आणि बाळाचं नाव तर तुम्ही केदार ठेवलंय.