नाणी-तिकिटं टपालाने पाठवताना

पहिल्यांदाच पार्सल पाठवतोयस ना, मग एक गोष्ट पक्की धर: आत काहीही हलता कामा नये. माझी दोन चांदीची नाणी एकाच पाकिटात गेली, वाटेत घासली आणि राजाच्या गालावर चरा उमटला. तो कायमचाच. म्हणून प्रत्येक नाणं वेगळ्या होल्डरमध्ये, होल्डर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोत. त्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची घे.

तिकिटांना भीती ओलीची. दमट हवेत मागचा गोंद ओलसर होतो आणि तिकीट कागदालाच चिकटून बसतं. ग्लासिनच्या, म्हणजे पातळ गुळगुळीत कागदाच्या पाकिटात घाल, वरून प्लास्टिकची पिशवी.

मग खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून 5 सेंटीमीटर तरी भरण. कानाशी धरून हलव. जरा जरी खुळखुळलं तरी उघड, पुन्हा भर. आळस करू नकोस.

खोक्यावर 'दुर्मिळ नाणी' असं काही लिहू नकोस. बंद करण्याआधी नाण्या-तिकिटांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढ, पावती जपून ठेव. आणि विमा घेताना अटी नीट वाच, बाबा! नाणी कित्येकदा त्यातून वगळलेलीच असतात.