स्वीडनला येताय? मग फीकाच्या वेळी जागेवर बसून राहू नका

जानेवारीत नोकरीसाठी गोथेनबर्गला येताय आणि विचारलंय की मी पक्का चहावाला, कॉफी पितच नाही, तर ऑफिसात अडचण येईल का. मी मूळचा सांगलीचा, इथे नऊ वर्षं झाली, चहाशिवाय माझीही सकाळ होत नाही, म्हणून नीट सांगतो.

कॉफी नाही प्यायलात तरी चालतं, पण फीकाला जायचंच. फीका म्हणजे हातातलं काम ठेवून सगळ्यांनी एकत्र बसायचं, कॉफी नाहीतर चहा आणि सोबत काहीतरी गोड. एकोणिसाव्या शतकात बोलीभाषेत कॉफीला 'काफी' म्हणायचे, तीच अक्षरं उलटी करून हा शब्द झाला. आमच्याकडे सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला. पहिले दोन महिने मी "तुम्ही व्हा पुढे, एवढं संपवतो" म्हणत स्क्रीनला चिकटून बसायचो, वाटायचं मेहनती दिसतोय. शेवटी टीममधल्या एका वयस्कर बाईंनी हळूच विचारलं, आमच्यात बसायला आवडत नाही का तुला? फार लागलं मनाला. कोणाचं काम कुठे अडलंय, कोण कधी रजेवर जातंय, सगळं त्या टेबलावरच कळतं, आणि बॉसलाही तिथे नावानेच हाक मारायची.

अजून एक, इथे आग्रह नसतो. आपण सवयीने पहिल्यांदा "नको नको" म्हणतो, इथे नको म्हणजे नकोच समजतात आणि ताट पुढे जातं, मी दालचिनीचे कितीतरी रोल असे घालवलेत. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. शेवटचा तुकडा सहसा कोणी उचलत नाही, त्याचा अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा असं चालतं. कप आपला आपण धुवायचा, आणि वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच न्यायचा.

ऑफिसात चहा म्हणजे गरम पाणी आणि टी बॅग, त्यात आपलं काही भागत नाही, पण घरी मस्त होतो. चहा पावडर आणि वेलची बॅगेत आणा, दुधाची पावडर, पेढे, बर्फी आणू नका, दुधाचे पदार्थ भारतातून ईयूमध्ये आणायला बंदी आहे. दूध लाल पाकिटातलं घ्या, ३ टक्के फॅटवालं, हिरव्यातलं दीड टक्क्याचं असतं, त्याचा चहा पांचट होतो. आणि आधी घरमालकाला विचारा शेगडी इंडक्शनची आहे का, असेल तर साधं ॲल्युमिनियमचं पातेलं तापणारच नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघून स्टीलचं आणा.

जानेवारीत बेकऱ्यांमध्ये सेमला लागलेले असतील, बदामाचा गर आणि वर भरपूर क्रीम भरलेला गोल पाव. त्या पावात वेलदोडा असतो, पहिल्या घासालाच ओळखाल.