गेमिंग मॉनिटर फास्ट पण हवा आणि डोळ्यांना सोसणारा पण

या महिन्यात मॉनिटरवरचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. जवळजवळ सगळ्यांचा रोख एकच आहे, गेमसाठी स्क्रीन फास्ट पाहिजे पण डोळे दुखायला नकोत.

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रूमवर पीसी आहे, रात्री व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळतो. मॉनिटर जुना, ६० हर्ट्झचा. तास-दीड तास झाला की डोळे चुरचुरतात, कपाळ दुखायला लागतं. दुकानदार म्हणतोय २४० हर्ट्झ घे, हर्ट्झ जेवढे जास्त तेवढा डोळ्यांना आराम. बजेट १५ हजार. घेऊ का २४०?

उत्तर: आरामासाठी म्हणून २४० घेऊ नकोस. हर्ट्झ जास्त म्हणजे आराम जास्त हे म्हणणं जुन्या डब्यासारख्या सीआरटी मॉनिटरच्या काळात खरं होतं, कारण त्यात प्रत्येक रिफ्रेशला स्क्रीन खरंच उजळायची आणि विझायची, ६० ला ते लुकलुकणं जाणवायचं आणि ७५-८५ ला नेलं की डोळे शांत व्हायचे. एलसीडीमध्ये तसं नसतं. मागचा एलईडी बॅकलाइट वेगळा, पुढचं चित्र बदलणारं पॅनेल वेगळं, आणि हर्ट्झचा आकडा फक्त चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते सांगतो.

आता चित्र भराभर बदललं की फायदा काय, तर ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर तशीच उभी राहते, १४४ ला ६.९, १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२. तुझा डोळा पळणाऱ्या शत्रूच्या मागे सरकत असतो पण चित्र तेवढा वेळ जागेवरच थांबलेलं असतं, म्हणून ते पुसट दिसतं. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू ६० हर्ट्झवर साधारण १६ पिक्सेल फिस्कटलेली दिसते, १२० वर ८, २४० वर ४. म्हणजे ६० वरून १४४ किंवा १८० वर गेलास की एकदम फरक कळेल, माउस हलवला तरी कळेल, आणि पुसट चित्रामागे नजर ताणणं कमी झालं तर थोडा आरामही वाटेल. पण १८० वरून २४० ला जाऊन तू वाचवणार दीड मिलिसेकंदापेक्षा कमी, आणि ते सुद्धा तुझं ग्राफिक्स कार्ड सतत २४० फ्रेम देत असेल तरच. तुझ्या बजेटमध्ये १४४ ते १८० मधलाच काहीतरी चांगला बघ आणि उरलेलं लक्ष (आणि पैसे) खालच्या गोष्टींवर घाल, कारण डोळ्यांचा प्रश्न तिथे आहे.

पहिली गोष्ट फ्लिकर. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करायला बॅकलाइट खरोखर मंद करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. आपल्याला ते दिसत नाही पण काही लोकांचं डोकं त्याने हमखास चढतं. आणि गंमत म्हणजे रात्री डोळ्यांना बरं वाटावं म्हणून ब्राइटनेस खाली आणला की हे चालू-बंद होणं अजून तीव्र होतं, त्यामुळे माणसाला कळतच नाही की काय चाललंय. तुझ्या जुन्या मॉनिटरवर आजच बघ. ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आण, खोलीतले दिवे बंद कर, स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघड आणि त्याच्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलव. सलग धुरकट पट्टा दिसला तर ठीक. सुट्ट्या सुट्ट्या बऱ्याच पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट फडफडतोय. मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/१००० च्या पुढे नेऊन स्क्रीनकडे धर, काळे पट्टे दिसले तर तेच. ही टेस्ट दुकानात पण कर, लाजू नकोस, पण ब्राइटनेस कमी करूनच, कारण पूर्ण ब्राइटनेसला असले मॉनिटर पण सहसा सरळ वागतात. नवा घेताना 'फ्लिकर फ्री' लिहिलंय का बघ, टीयूव्ही राइनलँडसारख्या संस्थेचं सर्टिफिकेट असेल तर बरंच.

दुसरं, १ मिलिसेकंद हा आकडा. खोक्यावर जीटीजी लिहिलंय की एमपीआरटी ते वाच. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. एमपीआरटी म्हणजे हलणारं चित्र डोळ्याला किती पुसट दिसतं त्याचं माप. एमपीआरटी १ मिलिसेकंद दिसला तर बहुतेक वेळा तो बॅकलाइट मुद्दाम फ्रेमच्या तालावर चालू-बंद करून काढलेला असतो. त्या मोडमध्ये हलणारं चित्र अगदी स्वच्छ दिसतं, स्पर्धेत खेळणारे वापरतात पण, मात्र तू जो फ्लिकर टाळायला निघालास तोच तू स्वतःच्या हाताने चालू करतोयस. तुझं कपाळ दुखतंय म्हटल्यावर तो मोड बंदच ठेव. पिक्सेल भराभर बदलायला लावणारी ओव्हरड्राइव्ह नावाची सेटिंग असते ती पण सगळ्यात वरच्या पायरीला नेऊ नकोस, वस्तूंच्या मागे उजळ सावल्या उमटायला लागतात, मधली पायरी बऱ्याचदा बरोबर असते.

पॅनेल आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) घे. आणि साइज २४ इंच, कारण १०८० पी (म्हणजे फुल एचडी) २४ इंचावर इंचाला ९२ च्या आसपास पिक्सेल पडतात, तेच २७ इंचावर ८२ होतात आणि हॉस्टेलच्या टेबलावर जवळ बसून नोट्स वाचताना अक्षरांच्या कडा खटकतात. २७ हवाच असेल तर जास्त पिक्सेलच्या १४४० पी साठी पैसे साठव.

आणि घरी आणल्यावर पहिलं काम ब्राइटनेस उतरवायचं. बरेच मॉनिटर खोक्यातून निघतात तेव्हा भलतेच झगझगीत असतात, दुकानाच्या लखलखाटात चांगले दिसावेत म्हणून. पांढरं पान स्क्रीनवर उघड आणि शेजारी साधा कागद धर, दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत कमी करत जा. अंधार करून खेळू नकोस, मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर एक मंद दिवा राहू दे. तो दिवा मात्र चांगला घे, स्वस्तातले काही एलईडी बल्ब आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा फडफडतात, मग मॉनिटर कितीही भारी असो, खोलीच डोळ्यांना छळते.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेमिंग मॉनिटर मागतोय. दुकानात सांगितलं की सोबत ब्लू लाइटचा चष्मा घ्या म्हणजे डोळ्यांना काही होणार नाही. घ्यावा का? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, त्या चष्म्याचे पैसे वाचवा. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात स्क्रीनमुळे येणाऱ्या डोळ्यांच्या थकव्यावर साध्या चष्म्याच्या तुलनेत ब्लू लाइट चष्म्याने निदान थोड्या काळात तरी फरक पडत असेल असं दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, ती पण हे चष्मे सुचवत नाही. मॉनिटरमधला लो ब्लू लाइट मोड रात्री लावला तर स्क्रीन पिवळसर आणि सौम्य वाटते, ज्याला आवडतं त्याने लावावा, पण त्याच्या भरवशावर तास वाढवू नयेत.

मुलांचे डोळे लाल होतात, चुरचुरतात, त्याचं मोठं कारण म्हणजे पापण्या मिटत नाहीत. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर ते ५ ते ७ वर येतं आणि डोळे कोरडे पडतात. त्यात वरून पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर असला तर बघायलाच नको. प्रत्येक मॅच संपली की उठून खिडकीतून लांब कुठेतरी बघायचं, डोळे सावकाश चार-पाच वेळा मिटायचे, एवढी एक सवय लावा. डॉक्टर लोक २०-२०-२० सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं. मॅचच्या मधे तेरा वर्षांचा मुलगा ते करणार नाही, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, म्हणून मॅच संपल्यावरचं म्हणतोय.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, या वयात नंबर वाढण्याची काळजी जास्त करा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला दिली, तीन वर्षांनी त्या मुलांमध्ये ३०.४ टक्क्यांना मायोपिया (लांबचं धूसर दिसणं) झालेला होता आणि बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. तुमचा मुलगा त्यांच्यापेक्षा मोठा आहे, पण दिवसाउजेडी मैदानावर जाणं त्यालाही हवंच, आणि ते कुठलाच मॉनिटर भरून काढत नाही. मॉनिटर द्यायला माझी हरकत नाही, उलट मोबाईल नाकाशी धरून खेळण्यापेक्षा हातभर लांबचा २४ इंची मॉनिटर केव्हाही बरा. फक्त आधी डोळे तपासून घ्या. नंबर असून चष्मा नसेल तर डोकं दुखणारच, मग स्क्रीन कुठलीही असो.

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरचा. २७ इंची कर्व्ह मॉनिटर घेतलाय, व्हीए पॅनेल, १६५ हर्ट्झ. दिवसा मस्त. पण अंधाऱ्या सीनमध्ये काळं काळं फासल्यासारखं दिसतं आणि फ्रीसिंक चालू असलं की स्क्रीन अधूनमधून फडफडते. पीस खराब आलाय का?

उत्तर: बहुतेक पीस ठीक आहे, हा व्हीए पॅनेलचा (हाही एलसीडीचाच एक प्रकार) स्वभाव आहे. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात असतो, साध्या आयपीएसचा १००० ला १, म्हणून काळा रंग तुला एवढा गडद दिसतो. पण गडद छटेवरून थोड्या कमी गडद छटेवर जायला याचे पिक्सेल फार वेळ घेतात, तेच ते फासलेलं. गेममधला ब्राइटनेस किंवा मॉनिटरमधली ब्लॅक इक्वलायझरसारखी सेटिंग थोडी वर घेतलीस तर सावल्या त्या सगळ्यात हळू पट्ट्यातून बाहेर येतात आणि बरंच सुसह्य होतं.

फडफडीचं कारण वेगळं. फ्रीसिंकमध्ये मॉनिटर कार्डाच्या फ्रेमची वाट बघतो, फ्रेम कधी ७ मिलिसेकंदात येते कधी १५ मध्ये, आणि त्या कमीजास्त वेळेत व्हीएची उजळता किंचित बदलते. फ्रेम रेट जेवढा वरखाली तेवढी फडफड, लोडिंग स्क्रीन आणि मेनूवर सगळ्यात जास्त. कार्ड आरामात जेवढे फ्रेम देतं त्याच्या थोडं खाली कॅप लाव, समज ९० ते १३० मध्ये नाचत असेल तर ९० लाच बांधून टाक. त्याने थांबलं नाही तर त्या एका गेमपुरतं फ्रीसिंक बंद कर, चित्र क्वचित मधून फाटेल पण डोळे वाचतील. फ्रीसिंक बंद असताना, डेस्कटॉपवर नुसतं पान वाचताना पण फडफड दिसली तर मात्र वॉरंटीत दे, तो दोष आहे.

प्रश्न: वय ४४, दुबईत असतो, दिवसभर घरून कोडिंग आणि रात्री मुलांसोबत गेम. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. ओलेड गेमिंग मॉनिटर घ्यायचा विचार आहे. पैशाचा प्रश्न नाही, डोळ्यांचा आहे.

उत्तर: गेमसाठी ओलेडएवढं सुंदर दुसरं काही नाही, त्यात बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, पिक्सेल बदलायला मिलिसेकंदाचा छोटासा तुकडा लागतो, फासणं वगैरे प्रकारच नाही. पण तुमचा दिवस अक्षरांत जातो. बऱ्याच ओलेड पॅनेलमध्ये सबपिक्सेलची (एका पिक्सेलमधल्या रंगीत तुकड्यांची) मांडणी साध्या लाल-हिरवा-निळा पट्ट्यांसारखी नसते, क्यूडी-ओलेड या प्रकारात ती सहसा त्रिकोणी असते, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंगाची बारीक किनार दिसते. २७ इंच १४४० पी वर काहींना ती दिवसभर खुपते, २७ इंच ४के वर पिक्सेल इंचाला १६३ असल्याने फारशी जाणवत नाही. शिवाय दर रिफ्रेशला उजळतेत छोटी घसरण असते, ती साध्या पीडब्ल्यूएमपेक्षा पुष्कळ सौम्य, पण ज्याला फ्लिकर सोसत नाही त्याने आधी तासभर तरी कुणाकडे तरी बसून बघावं. आणि कोडच्या खिडक्या, टास्कबार महिनोनमहिने त्याच जागी राहणार म्हणजे बर्न-इनचा (त्या चित्राचा डाग स्क्रीनवर कायमचा राहण्याचा) विचार आलाच. तुमच्या जागी मी २७ इंची आयपीएस घेईन, ४के आणि १४४ किंवा १६० हर्ट्झ.

प्रोग्रेसिव्हचं मात्र नीट ऐका. त्या चष्म्यात जवळचं बघायचा भाग खाली असतो, म्हणून मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून बघतो आणि संध्याकाळी मान धरते, मग वाटतं डोळेच थकलेत. स्टँड खाली जाणारा हवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली येऊ द्या आणि स्क्रीन थोडी मागे झुकवा. नाहीतर डॉक्टरांकडून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, स्क्रीनपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. साधारण २५ इंच येईल. हा चष्मा तुम्हाला महागड्या पॅनेलपेक्षा जास्त आराम देईल असं मला वाटतं.

प्रश्न: १४४ हर्ट्झचा घेतला पण ६० सारखाच वाटतोय. फसवलं का? (लातूर)

उत्तर: विंडोज बऱ्याचदा ६० वरच सुरू होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १४४ करा. तिथे १४४ दिसतच नसेल तर एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्टची केबल लावा, आणि केबल मदरबोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डाला लावा. प्लेस्टेशन ५ ला जोडला असेल तर तो १२० च्या वर जातच नाही, ते पण गेमने सोय दिली असेल तर.