वाड्यावरचे पालक सभेला का येत नाहीत

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत तुमची पहिलीच नेमणूक. मराठी शाळेचा पट ३१, त्यातली ११ मुलं गवळी धनगरांच्या वाड्यावरची, म्हणजे रानातल्या म्हशीवाल्यांच्या वस्तीवरची, आणि ४ सिद्दी घरांतली, ज्यांचे पूर्वज फार पूर्वी आफ्रिकेतून आले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर या १५ मधली निम्मी येईनाशी होतात. तीनदा पालक सभा बोलावलीत, वाड्यावरून एकही माणूस आला नाही. वर शेजारच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "त्यांच्या घरात शिक्षणाचं वातावरणच नाही, नाद सोडा."

मी याच पट्ट्यात आणि पलीकडे उत्तर कन्नडच्या हल्याळ तालुक्यात मिळून २६ वर्षं शिकवलं. पहिली दहा वर्षं "वातावरण नाही" हे वाक्य माझ्याही तोंडात होतं. त्यामुळे त्या गुरुजींवर रागावू नका, पण त्यांचं ऐकूही नका.

न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांची, माओरींची मुलं शाळेत मागे का पडतात, हे शोधायला २००१ साली 'ते कोताहितांगा' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी आधी मुलांनाच विचारलं; मग घरच्यांना, मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना. मुलं, घरचे आणि मुख्याध्यापक यांचा सूर साधारण एकच होता: वर्गात शिक्षकाचं मुलाशी नातं कसं आहे, त्यावर सगळं अवलंबून. शिक्षकांपैकी बहुतेकांनी मात्र मुलाकडे आणि त्याच्या घराकडे बोट दाखवलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, मीटिंगाच आठवल्या. पृथ्वीच्या त्या टोकालाही मास्तर तो मास्तरच!

आता तुमची सभा. किती वाजता ठेवली होती? अकरा वाजता असेल, तर त्या वेळी वाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोण असतं? पहाटे धार काढून बाप्ये दूध घेऊन बाहेर पडतात, म्हशी रानात जातात, बायका त्यांच्या मागे. संध्याकाळी पुन्हा धार. मोकळा वेळ म्हणजे रात्री जेवणाच्या आधीचा तासभर. मला हे कळायला चार वर्षं लागली, आणि तेही एकदा एसटी चुकली म्हणून वाड्यावर मुक्काम पडला तेव्हा. त्या रात्री एक आजी म्हणाली, "गुर्जी, तुम्ही बोलवताय तवा आमच्या पोरानं काय चुकीवलंय तेच सांगताय. एकदा तरी बरं सांगाय बोलवलासा काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट कागदाची. २०११ साली आपल्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य जाहीर झालं. तेव्हापासून आतल्या आणि काठावरच्या गावांत कागद घेऊन येणारा माणूस दिसला की आधी 'उठवायला आलाय' असंच वाटतं. मी बालगणतीचा तक्ता घेऊन गेलो तर निम्म्या घरांनी सही दिली नाही. मी अडाणीपणा म्हणून मोकळा झालो होतो. तो अडाणीपणा नव्हता, अनुभव होता. पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या हातानं करा. हजेरीपट नको, मोबाईलमध्ये फोटो तर अजिबात नको.

आणि तिथे गेल्यावर सांगायचं नाही, विचारायचं. माझ्या शाळेतही दसऱ्यानंतर गळती होती. मी धरून चाललो होतो की पोरं म्हशींमागे जातात. विचारलं तेव्हा कळलं की सुगीच्या आधी भाताच्या राखणीला माळ्यावर घरटी एक माणूस लागतो, रानडुकरं आणि कधी हत्तीही येतात. थोरल्यांच्या सोबतीला पोरगा रात्रभर डबे वाजवतो आणि सकाळी झोपतो. शाळेची वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं, पण पहिल्या तासाला काय घ्यायचं ते होतं. त्या सहा आठवड्यांत गणित दुपारी नेलं. उशिरा आलेल्याला दारात उभं करणं बंद केलं. वाड्यानं आपल्या बाजूनं राखणीची पाळी अशी लावली की शाळेच्या आदल्या रात्री पोरं माळ्यावर नकोत. हा तोडगा त्यांचा होता, मला सुचणं शक्यच नव्हतं. सगळी पोरं आली का? नाही. पण नावं गळाली नाहीत.

कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. तुमच्या पटावर १५ मुलं त्या घरांतली आहेत. एसडीएमसीत, म्हणजे आपल्याकडच्या याच शाळा समितीत, त्यांचे किती जण आहेत ते आजच बघा. बहुतेक एखादं नाव असेल आणि त्याच्यापुढे अंगठा. शाळा विकास आराखडा गावातल्या चार जाणत्यांनी चावडीत बसून केलेला असेल. एक बैठक वाड्यावर घ्या आणि एक खरा निर्णय तिथे होऊ द्या: अनुदानातून आधी काय दुरुस्त करायचं, अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकाला कुणाची शिफारस करायची, ओढ्याला पाणी आलं तर पोरांना कोण आणणार. चहापुरतं बोलावलेल्या माणसाला ते बरोबर समजतं.

स्वयंपाकाचं निघालंय म्हणून सांगतो. आमच्या समितीनं एका सिद्दी बाईंचं नाव सुचवलं, त्या कामाला लागल्या, आणि आठवड्यात गावातल्या काही घरांतून पोरांच्या दप्तरात डबे यायला लागले. कारण कुणी बोललं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. मी रोज पहिल्या पंगतीला पोरांबरोबर बसायला लागलो. दिवाळीपर्यंत डबे कमी झाले, एका घराचा मात्र शेवटपर्यंत आला. तुमच्याकडेही असं होईल. भाषण करू नका, ताट घेऊन बसा.

त्याहून अवघड आहे भाषेचा मुद्दा, आणि यावर आपलीच माणसं माझ्यावर चिडतात. आपण सीमाभागातले मराठी लोक घटनेचं ३५०-अ कलम तोंडपाठ म्हणतो: अल्पभाषक मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. बरोबरच आहे, मीही मोर्चात चाललोय. पण सरकारी कागदावर 'मराठी' लिहिलेलं वाड्यावरचं पोर घरी गवळी बोली बोलतं, कोकणीकडे झुकणारी. सिद्दी घरांत कोकणी-मराठी-कानडीचं आपलं मिश्रण. पुस्तकातली मराठी त्याला जवळपास परकीच, वर कन्नड आणि इंग्रजी. माझ्या वर्गात एका मुलीनं पाण्याला 'उदक' म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. आपण 'उदक सोडलं' असं लिहितो तेव्हा ते शुद्ध, आणि तिनं तहान लागली म्हणून म्हटलं की गावंढळ! ती पोर त्यानंतर दोन महिने वर्गात बोलली नाही.

उपाय फार मोठा नाही. लहान वर्गांना तुम्ही नलीकली, म्हणजे कार्डांवरून हसत-खेळत शिकायची कर्नाटकातली पद्धत, चालवत असणारच. ती पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात शिक्षकांनीच उभी केली, आणि तो तालुका जेनु कुरुब आदिवासींच्या हाड्यांचा, म्हणजे पाड्यांचा. म्हणजे कार्डं शिक्षकाच्या हातानं बनवायची असतात, हा तिचा मूळ स्वभाव. वाड्यावरच्या एखाद्या आजीला शनिवारी बोलवा, म्हशी, झाडं, भांडी, पाऊस यांचे तिच्या तोंडचे शब्द पोरांकडून लिहून घ्या आणि कार्डाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द ठेवा. आजी पहिल्यांदा लाजते. तिसऱ्या शनिवारी तीच तुमच्या चुका काढते.

एक सावधगिरी. प्रतिभा कारंजीला, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धेला, किंवा १५ ऑगस्टला सिद्दी पोरांना त्यांचा डमाम ढोल वाजवायला आणि धनगर पोरांना गजनृत्याला उभं करायची सगळ्यांना हौस असते. करा, त्यांना आवडत असेल तर. पण वर्षभर मागच्या बाकावर आणि त्या दिवशी तेवढं स्टेजवर, हे पोरांना कळतं. आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका साहेबांनी चौथीतल्या सिद्दी पोराला विचारलं, "तू मूळचा कुठला?" पोर गप्प. मी म्हटलं, "साहेब, तो इथलाच, मूळ गाव विचारायचं तर तुमचं-माझं विचारा." साहेब हसले, नंतरचं वर्ष मला जरा जड गेलं, ते सोडा.

दाखल्यांची कामं मात्र वेळेत करा, त्यातून विश्वास झपाट्यानं वाढतो. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींसाठी २०२० उजाडलं. सतरा वर्षं हल्याळच्या बहिणीची पोरं जमातीत आणि खानापूरच्या भावाची बाहेर. त्यामुळे तुमच्या चार मुलांचे जातीचे दाखले नाडकचेरीत, म्हणजे महसूल कचेरीत, अडकले असतील, तर त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या. गवळी धनगरांची मागणी जुनी आहे, दर्जा अजून नाही. त्यांना कुठलंही आश्वासन देऊ नका, ते त्यांनी खूप ऐकलंय.

शेवटचा घोळ सातवीनंतरचा. मुलींना जून २०२३ पासून शक्ती योजनेत एसटी फुकट आहे, पण वाड्यापर्यंत एसटी येतच नाही, मग राहतं हॉस्टेल. मी एका हुशार पोरीला मोठ्या अभिमानानं तालुक्याच्या हॉस्टेलवर पाठवली. २३ दिवसांत ती चालत परत आली. कुणी मारलं नव्हतं. बोलायला कुणी नव्हतं आणि ताटातलं घशाखाली उतरत नव्हतं. पुढच्या वर्षी वाड्यानंच अट घातली: दोघी एकत्र जातील, पहिला आठवडा एकीची मावशी गावात पाहुण्यांकडे राहील आणि रोज संध्याकाळी भेटून येईल. दोघींनी एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, दिली. एक पास झाली. दुसरीचं गणित राहिलं, ते पुरवणीला निघालं.

दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका, याच आठवड्यात जा. टॉर्च न्या, त्या वाटेवर अस्वलं असतात, आणि एकट्या जाऊ नका, मोठ्या वर्गातल्या पोरांना बरोबर घ्या, वाट त्यांनाच ठाऊक. चहाला नाही म्हणू नका. निव्वळ दुधाचा असतो, रात्री झोप येत नाही. कोण काय म्हणालं ते इथे लिहा, मग समितीच्या बैठकीचं बघू.